नकाशातला पट्टा आणि आपला पट्टा

(सक्करदरा, नागपूर इथल्या कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण. ग्रामसभेच्या आधी गावात वाचून दाखवावं.)

 

हे भाषण आम्ही चार पोरापोरींनी मिळून तयार केलं आहे. आमच्यातलं कोणी बारावीच्या पुढं गेलेलं नाही. एका सभेत आमचं तोंड बंद झालं, म्हणून नंतर पुस्तकं धुंडाळली, जाणकारांना विचारलं. जे समजलं ते सांगतो. चुकलं तर जुन्या माणसांनी उठून सांगावं, आम्ही दुरुस्त करू.

सभा होती सामूहिक वनहक्काच्या दाव्याची. बाहेरून साहेब आले, त्यांनी शाळेच्या भिंतीवर रंगीत नकाशा लावला. म्हणाले, "तुमचं गाव महत्त्वाच्या इकोरीजनच्या पट्ट्यात येतं. दाव्याचं नंतर पाहू." मागं बसलेले एक आजोबा हात जोडून उठले. "साहेब, पट्टा आला म्हन्ता, मंग कागद कुठी हाये?" सगळे हसले. साहेबही हसले. आजोबा खाली बसले. त्यांना पट्टा म्हणजे जमिनीचा कागद एवढंच माहीत. तीन पिढ्या त्याचीच वाट पाहून राहिले ना ते. त्या हसण्यात दाव्याचा विषय मागं पडला. ही रेघ कोणी मारली, कशावरून मारली, आणि तिचा आमच्या दाव्याशी संबंध काय, हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. विचारायला माहीतच नव्हतं. ते आज सांगायचं आहे.

बसमधून दिसलेली सीमा

आपल्यापैकी बरेच जण गडचिरोली, ब्रह्मपुरी, नागभीडकडून उमरेड रोडनं इथं सक्करदऱ्याला उतरले. येताना खिडकीतून काय दिसलं ते आठवा. तिकडं धानाच्या बांध्या, जागोजागी तलाव, बांधावर मोह. भिवापूर, उमरेड करत नागपूरकडं आलो तसं धान कमी होत गेलं आणि कापूस, तूर, सोयाबीन दिसायला लागलं. मध्ये कुठं बोर्ड लागला होता काय, की इथं धान संपलं? नाही. हळूहळू बदललं. पण बदललं हे सगळ्यांना कळलं.

याचं कारण पावसात आहे आणि दगडात आहे. नागपूरला वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, गडचिरोलीकडं १४०० च्या पुढं जातो, अकोल्याकडं ८०० च्या आसपास राहतो. आणि ज्वालामुखीतून आलेला काळा दगड, ज्याची काळी माती होते, तो पश्चिमेकडून येतो आणि नागपूरच्या आसपास संपतो. सीताबर्डीची टेकडी त्याच काळ्या दगडाची. त्याच्या पूर्वेला वेगळा, फार जुना दगड. पाऊस बदलला, माती बदलली, की झाड बदलतं. झाड बदललं की त्यावर जगणारं पाखरू, जनावर, किडा बदलतो.

आपल्या लोकांनी याला कधीच नाव देऊन ठेवलं आहे. झाडीपट्टी. मंडईच्या दिवसांत नाटकं होतात ती झाडीपट्टी. तिकडं वऱ्हाड, वर मेळघाट. ही नावं कोणत्या कलेक्टरनं दिली नाहीत. जिथली झाडं वेगळी, पीक वेगळं, बोली वेगळी, तिथलं नाव वेगळं. शास्त्रज्ञ ज्याला इकोरीजन म्हणतात तेही याच जातीचं आहे. बराच मोठा भूभाग, जिथं ठरावीक झाडं, पाखरं, जनावरं एकमेकांच्या संगतीनं राहतात आणि शेजारच्या भूभागात तशी संगत मिळत नाही. आम्ही त्याला जीवपट्टा म्हणतो. सात-बाराशी, मालकीशी त्याचं काही नातं नाही, हे आत्ताच मनात पक्कं करा.

रेघ कशी मारतात

पहिलं काम नोंदीचं. अमुक झाड किंवा अमुक पाखरू, अमुक ठिकाणी, अमुक तारखेला, अमुक माणसानं पाहिलं. अशा नोंदी दीडशे-दोनशे वर्षांपासून होत आहेत. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ ची. झाडांची पाहणी करणारं सरकारी खातं १८९० चं, प्राण्यांचं १९१६ चं. त्यांच्याकडं वाळवलेल्या फांद्या, भुसा भरलेली पाखरं चिठ्ठ्या लावून ठेवली आहेत. प्रत्येक चिठ्ठी म्हणजे नकाशावरचा एक ठिपका.

दुसरं काम, एका जातीचे सगळे ठिपके पाहून ती कुठून कुठपर्यंत सापडते हे ठरवणं. तिसरं काम, अशा शेकडो जातींचे नकाशे एकावर एक ठेवणं. पातळ कागद खिडकीच्या काचेवर धरून एकावर एक ठेवले तर सगळ्या रेघा एकदम दिसतात, तसं. एका जातीची हद्द इथं संपली म्हणून काही होत नाही. पण खूप जातींच्या हद्दी एकाच जागेजवळ संपत असतील, तर तिथं काहीतरी बदललं आहे. तिथं जीवपट्ट्याची सीमा. आता हे काम कॉम्प्युटर करतो. त्याला ठिपके देतात, पाऊस, उंची, उपग्रहाचे फोटो देतात. जिथं ठिपका नाही तिथं काय असेल याचा तो अंदाज काढतो. लक्षात घ्या, अंदाज.

चौथं काम, कारण शोधणं. नदी, डोंगर, पाऊस, माती. कारण सापडलं तर रेघ पक्की धरतात.

साल, साग आणि रानकोंबडा

मध्य भारतातलं सगळ्यांत जुनं उदाहरण साल आणि साग यांचं. सालाला आपण सरई म्हणतो. उत्तर आणि पूर्वेला कान्हा, मंडला, बस्तर हा सरईचा मुलूख. दक्षिण आणि पश्चिमेला साग, ऐन, धावडा, सालई. इंग्रजांचा एक अधिकारी, जेम्स फोरसिथ, या मुलखात फिरला. त्याचं पुस्तक १८७१ साली छापलं गेलं. त्यानं एक गोष्ट लिहून ठेवली. पचमढीच्या पायथ्याला देनवा नदीच्या खोऱ्यात सरईचा एक लहान तुकडा आहे, मोठ्या सरईच्या जंगलापासून तुटून दूर पडलेला. त्या तुकड्यात त्याला बारशिंगा आणि लाल रानकोंबडा मिळाला. हे दोन्ही सरईच्या मुलखातले. म्हणजे सरई जिथं बेटासारखी उरली, तिथं तिची संगतही उरली.

आपल्यातला शिकार केलेला जुना माणूस म्हणेल, यात नवं काय? बरोबर आहे. फोरसिथच्या पुढं चालून वाट दाखवणारे गोंड आणि कोरकूच होते. पण लिहिलं त्यानं, म्हणून नोंद त्याची झाली.

रानकोंबड्याचंच पहा. भारतात दोन जातीचे आहेत. लाल रानकोंबडा उत्तरेला आणि पूर्वेला, बराचसा सरईच्या संगतीनं. राखी रानकोंबडा दक्षिणेला आणि पश्चिमेला. दोघांचे मुलूख पचमढीच्या आणि गोदावरीच्या आसपास भेटतात. दोघांची बांग वेगळी. कोणती बांग ऐकू येते यावरून आपण कोणत्या पट्ट्यात आहोत याचा अंदाज येतो. पण भेटतात तिथं भिंत नाही. शास्त्रज्ञही हे मान्य करतात की सीमा म्हणजे खरं तर एक रुंद जागा, जिथं दोन्हीकडचे जीव मिसळलेले असतात. नकाशा काढताना मात्र त्या रुंद जागेची एक बारीक रेघ करावी लागते.

आणखी एक सावधगिरी. आपल्याकडं मिश्र जंगल तोडून सागाची लागवड झालेल्या जागा आहेत. तिथं आज ओळीत साग उभा आहे. तो साग त्या मातीचा पुरावा नाही, लावणाऱ्याचा पुरावा आहे. तिथं आधी काय होतं हे गावच सांगू शकतं.

रानपिंगळ्याची चुकीची चिठ्ठी

आता चूक कशी होते ते ऐका. रानपिंगळा नावाचं लहान घुबड आहे. १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी त्याचं वर्णन लिहिलं. पहिला नमुना आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझरकडचा. पुढं १८८४ पर्यंत खानदेशात शहादा, तळोदा भागात काही मिळाले. त्यानंतर नोंदच नाही. जगात सगळे मिळून सात नमुने, तेही संग्रहालयात.

त्यांतल्या एकावर चिठ्ठी होती की हा १९१४ साली गुजरातेत, तापीकाठी मांडवीला मिळाला. चिठ्ठी लावणारा रिचर्ड माइनर्ट्झहागन, मोठा इंग्रज लष्करी अधिकारी. त्याच्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला, आणि शोधणाऱ्यांची दिशा चुकली. पुढं पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी तो नमुना तपासला. तो दुसऱ्याचाच जुना नमुना होता. चोरलेला, पुन्हा शिवलेला, खोटी चिठ्ठी लावलेला. मग त्यांनी खोटी नोंद काढून टाकली आणि खऱ्या जुन्या नोंदींच्या ठिकाणी गेल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना रानपिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. पुढं मेळघाटातही सापडला.

यातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. एक, मोठ्या माणसाची चिठ्ठी खोटी असू शकते, ती तपासण्याचा हक्क सगळ्यांना आहे. आणि चूक कबूल करून नोंद काढून टाकणं हेही शास्त्रच आहे, म्हणून शास्त्राला शत्रू समजू नका. दोन, ठिपका नाही म्हणजे जीव नाही असं नसतं. ठिपका नाही म्हणजे कोणी पाहून लिहिलं नाही. नोंदी बऱ्याचशा रस्त्याकाठी, रेस्टहाऊसच्या आसपास होतात. जिथं रस्ता नाही, पावसाळ्यात नाला उतरत नाही, तिथं ठिपके कमी. ती जागा कोरी दिसते. आपली बहुतेक गावं अशाच कोऱ्या जागेत आहेत. तो पिंगळा एवढी वर्षं सातपुड्यातच होता. तिथल्या पाड्यांवरच्या लोकांना कोणी विचारलं होतं काय?

नकाशा एक नाही, अनेक आहेत

साहेब नकाशा दाखवतात तेव्हा वाटतं की हाच एक नकाशा आहे. तसं नाही. १८५८ साली स्क्लेटर यांनी पाखरांवरून जगाचे सहा भाग केले, १८७६ साली वॉलेस यांनी जनावरं धरून ते पक्के केले. भारतात चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ साली जंगलांचे १६ मोठे प्रकार सांगितले. वनखात्याच्या कार्य आयोजनेत 'कोरडं पानझडी', 'ओलसर पानझडी' हे शब्द येतात ते तिथूनच. १९८८ साली देहरादूनच्या वन्यजीव संस्थेसाठी रॉजर्स आणि पनवार यांनी देशाचे १० जैवभौगोलिक विभाग पाडले. त्यात विदर्भ दख्खनच्या विभागात येतो. त्यांचा हेतू हा होता की प्रत्येक विभागात अभयारण्यं पुरेशी आहेत की नाहीत ते पहावं. म्हणजे अभयारण्य कुठं व्हावं याचा विचार असल्या नकाशांवरून होतो. म्हणूनच हा विषय आपल्या कामाचा आहे.

याच नागपुरात, अमरावती रोडवर, मातीची पाहणी करणारी राष्ट्रीय संस्था आहे. त्यांनी १९९२ साली देशाचे २० कृषी-पर्यावरणी प्रदेश पाडले. त्यांनी पाखरं पाहिली नाहीत. माती, हवामान आणि पिकाला वर्षातून किती दिवस ओल मिळते हे पाहिलं. आणि २००१ साली डब्ल्यूडब्ल्यूएफच्या शास्त्रज्ञांनी सगळ्या जगाचा नकाशा छापला. त्यात जमिनीवरचे ८६७ इकोरीजन. गडचिरोली-बस्तरकडची ओलसर पानझडी जंगलं त्यात एका रंगात, दख्खन पठाराची कोरडी पानझडी जंगलं दुसऱ्या रंगात.

या सगळ्या नकाशांच्या रेघा एकमेकींवर बसत नाहीत. कोणी खोटं बोललं म्हणून नाही. प्रत्येकानं वेगळा प्रश्न विचारला. पाखरं कुठं बदलतात? पिकाची ओल कुठं बदलते? प्रश्न बदलला की रेघ सरकते. म्हणून साहेबांना पहिला सवाल हाच करायचा: हा नकाशा कोणता, कोणत्या साली काढला, कोणत्या कामासाठी काढला?

नकाशा काय सांगत नाही

२००१ च्या नकाशात एक गोष्ट मुद्दाम केलेली आहे. शेती, शहरं, धरणं होण्याआधी तिथं निसर्गात काय असावं, हे धरून हद्दी काढल्या. म्हणून त्या नकाशावर नागपूर शहरसुद्धा पानझडी जंगलाच्या रंगात येतं. आपण बसलो आहोत ते सक्करदरा, हा तलाव, हा बाजार, बाहेरचा हा चौक, सगळं जंगलाच्या रंगात. मग आम्ही विचारतो, सक्करदऱ्यातलं एक तरी घर या रंगामुळं उठवलं काय? घराचा कागद थांबवला काय? नाही, आणि थांबवूही नये. तो रंग त्या कामाचाच नाही. मग आपल्या गावाचा दावा त्याच रंगावरून काहून थांबतो?

दुसरी गोष्ट रेघेच्या जाडीची. हिशेब सोपा आहे. दहा लाखाला एक या प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर. पेन्सिलची अर्ध्या मिलिमीटरची रेघ मारली तरी ती जमिनीवर पाचशे मीटर रुंद होते. एखादा टोला आणि त्याची सगळी शेतं त्या रेघेखाली झाकून जातात. सर्व्हे ऑफ इंडियाचा पन्नास हजाराला एकचा नकाशा घेतला तर एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. तोही एका शेताच्या बांधासाठी जाडच. मोठ्या प्रदेशाचा विचार करायला काढलेल्या रेघेनं कोणाची बांधी आत, कोणाची बाहेर हे ठरवता येत नाही. हे शास्त्रच सांगतं, आम्ही नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. २००६ च्या वनहक्क कायद्यात इकोरीजन हा शब्द कुठंही नाही. वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानही येतं, म्हणजे तिथंही हक्क मान्य होतात. कायद्यात आहे तो 'संकटग्रस्त वन्यजीव अधिवास', आणि तोही फक्त अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात. तो ठरवायला प्रत्येक ठिकाणचा वेगळा विचार, शास्त्रीय निकष, लोकांशी खुली चर्चा आणि त्या भागातल्या जाणकारांसह समिती लागते. तिथले हक्क बदलायचे किंवा गाव हलवायचं तर आधी सगळे हक्क मान्य झालेले पाहिजेत. माणसांच्या राहण्यानं त्या जनावराचं भरून न येणारं नुकसान होतं हे दाखवलं पाहिजे. सोबत राहण्याचा दुसरा मार्ग नाही हे दाखवलं पाहिजे. आणि हलवायचं असेल तर ग्रामसभेची मोकळी, समजून दिलेली, लेखी संमती पाहिजे. रंगीत नकाशा भिंतीवर लावला म्हणजे यांतलं काहीच पूर्ण होत नाही. दाव्याची पडताळणी संपेपर्यंत कोणाला उठवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

मग आपण काय करायचं?

नकाशा फाडायचा नाही. तोच नकाशा उद्या खाण आली तर आपल्या बाजूनं बोलू शकतो. कलम ५ नं ग्रामसभेला जंगल, वन्यजीव, जैवविविधता राखण्याचा अधिकार दिला आहे आणि कर्तव्यही दिलं आहे. आपल्याकडं काय आहे हे लिहिलेलं नसेल तर काय राखणार? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं अभ्यासगट बसत होते. आधी अभ्यास केला, मग कागद आला.

म्हणून प्रत्येक गावानं एक वही करावी. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालच्या नियमांत लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे, तिलाही ती उपयोगी पडेल.

१. झाड, वेल, कंद, मासा, पाखरू, जनावर, सगळ्यांची नावं लिहा. आधी आपल्या बोलीत, गोंडीत, माडियात. मग मराठीत.

२. जागेचं नाव लिहा. कोणता नाला, कोणता डोंगर, कोणतं देवस्थान. नुसतं 'जंगलात' लिहू नका.

३. तारीख आणि पाहणाऱ्याचं नाव लिहा. स्वतः पाहिलं, आवाज ऐकला, की ऐकीव माहिती, ते वेगळं लिहा. रानपिंगळ्याची गोष्ट विसरू नका. दाव्याला जोर यावा म्हणून एकही खोटी नोंद नको. एक खोटी निघाली की शंभर खऱ्या बुडतात.

४. पूर्वी होतं आणि आता नाही, तेही लिहा. कधीपासून नाही, कशानं गेलं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. कंद, भाजी, औषध यांचं बायकांना जास्त माहीत असतं. वही फक्त पुरुषांनी भरू नये.

५. सगळंच बाहेर द्यायचं नाही. औषधाची जागा, दुर्मीळ पाखराचं घरटं ग्रामसभेकडं राहू द्या. काय द्यायचं ते ग्रामसभा ठरवेल.

६. सामूहिक हक्काच्या नकाशावर आपल्या हद्दी, पायवाटा, पाणवठे, मोहाच्या जागा स्वतः दाखवा. वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून जोडा, कायद्याच्या नियमांत तो पुरावा धरला आहे.

आणि नकाशा घेऊन कोणी आलं, तर हसून खाली बसायचं नाही. त्यांना पाणी द्यायचं, बसवायचं, आणि विचारायचं: नकाशा कोणाचा? कोणत्या सालचा? प्रमाण काय? आमच्या गावातल्या किती नोंदी त्यात आहेत? कोणत्या कलमानं हा नकाशा आमचा दावा थांबवतो, ते लेखी देता काय? उत्तर ग्रामसभेच्या वहीत लिहून घ्यायचं, खाली सही मागायची.

शिबिराला निघायच्या आधी आम्ही त्या आजोबांकडं गेलो होतो. त्यांना म्हटलं, आजोबा, तो नकाशातला पट्टा आहे, तुमचा पट्टा वेगळा. ते म्हणाले, "मंग माह्या पट्ट्याचं विचारा ना बाप्पा. आनं त्या नकाशात रानकोंबडा लिवला नसंल तं मी दाखवतो, रोज सकाळी नाल्यावर येते तो." त्यांच्या गावाच्या वहीत पहिली नोंद तीच झाली आहे. नाल्याचं नाव, तारीख, आणि पाहणाऱ्याच्या जागी आजोबांचा अंगठा. दावा अजून बाकी आहे. पुढच्या ग्रामसभेत तोच विषय पहिला घ्यायचा आहे.